इमारत रिकामी आहे

गळ्याशी हात गेला आणि हाताला नुसती मान लागली. पट्टी नाही, कार्ड नाही. आधी तिला हसूच फुटलं. बाहेर सरावाची घंटा कानठळ्या बसवत होती, सगळ्या मजल्यांवर माणसं खुर्च्या मागे सारून जिन्याकडे निघाली असणार, आणि हा सराव जिने ठरवला, आग लागली तर कोणी कुठल्या जिन्याने उतरायचं, खाली आवारातल्या यंत्राला आपलं कार्ड कसं टेकवायचं हे जिने घसा बसेपर्यंत सगळ्यांना शिकवलं, ती बाई स्वतः दोन दारांच्या मधे अडकून उभी. घ्या! संगणकांच्या खोलीबाहेरची ही चिमुकली कोठी तिनेच बांधून घेतली होती. एकामागे एक दोन दारं. एक पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कार्डवाल्याच्या पाठोपाठ कोणी फुकट आत घुसायला नको. आणि आज ती स्वतः एसीवाल्याच्या पाठोपाठ, त्याच्याच कार्डावर, बोलत बोलत आत गेली होती. कोठीत दोघं अंग चोरून मावतात हे तिला आजच कळलं. घंटा झाली तसा एसीवाला हातातलं काम टाकून पळाला. तिनेच तसं बजावलं होतं सगळ्यांना. ती मात्र उघडी राहिलेली कपाटं लावत मागे राहिली, मग बटण दाबून कोठीत आली. आतलं दार खोलीतल्या बटणावर उघडतं, पण कोठीतून दोन्ही दारं कार्डावरच. मागचं दार लागल्याचा जाड, समाधानी आवाज झाला, आणि मग हात गळ्याशी गेला. कार्ड टेबलावर होतं. सकाळी तोंड धुताना पट्टी भिजली म्हणून तिने काढून ठेवलं होतं. मोबाईलही त्याच्याच शेजारी, चार्जिंगला.

येईल कोणीतरी, ती मनाशी म्हणाली. न येऊन सांगतात कोणाला! बाहेरच्या दाराला काचेची उभी पट्टी होती आणि तिच्यातून समोरच्या भिंतीवरचा पडदा दिसत होता. इमारतीत अजून किती माणसं आहेत तो आकडा त्या पडद्यावर उतरत होता. पाणी भराभर ओसरावं तसा उतरत होता, आणि बघून तिला, अशा अवस्थेतही, अभिमान वाटला. गेलं वर्षभर ह्या आकड्यासाठी ती साहेबांशी, वायरमनशी, यंत्र विकणाऱ्या गोडबोल्या माणसांशी भांडली होती. आता शेवटी एक उरेल, तिने हिशोब केला. तो एक म्हणजे मी. खाली पडदा लाल होईल, माझं नाव झळकेल आणि सगळं ऑफिस पोट धरून हसेल: कुलूपबाई स्वतःच्याच कुलपात! कुलूपबाई हे तिचं ऑफिसातलं नाव. समोर कोणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. हसू देत, ती म्हणाली. वर्षभर पुरेल त्यांना. आकडा एकावर आला. तिने पदर सारखा केला, चेहरा थोडा हसरा करून ठेवला, दार उघडणाऱ्याला आधीच काहीतरी गमतीचं बोलून टाकावं म्हणून शब्द जुळवायला घेतले. आणि आकडा शून्यावर गेला. पडदा हिरवागार झाला. त्यावर तिनेच सुचवलेलं वाक्य आलं: इमारत रिकामी आहे. आधी तिथे 'शिल्लक व्यक्ती शून्य' असं काहीतरी रुक्ष होतं. तिने ते बदलून घेतलं होतं, वाचताना माणसाला हायसं वाटलं पाहिजे म्हणून. घंटा थांबली. आणि मग, इमारत रिकामी झाली की वीज वाया जाऊ नये ह्या तिच्याच शिस्तीप्रमाणे, दिवे गेले, भिंतीवरचा पडदा विझला, आणि इतका वेळ जाणवतही नसलेली हवेची घरघर बंद पडली.

मी आहे ना, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. आवाज दोन दारांच्या मधे आपटून तिच्याच तोंडावर आला. तिने दार ठोठावलं, मग बडवलं, मग हाताचा तळवा काचेवर सपाट ठेवून उभी राहिली. कार्ड टेकवायच्या जागेचा लाल ठिपका तेवढा दिसत होता. दाराच्या रबराचा वास यायला लागला, नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा, आणि तो वास घशात उतरून बसला. काच फोडून दार सोडवायची हिरवी डबी होती, पण ती आतल्या खोलीत. कोठीत बसवलेली नव्हती, कारण कोठीत माणूस थांबत नसतो, नुसता जातो, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. थांबत नसतो! मग मी काय करतेय इथे? खरी आग लागली असती तर सगळी दारं आपोआप सुटली असती, तेही तिला माहीत होतं. सरावात तेवढी ती सुटत नाहीत. पण दार सुटून काय होतं? पाय मोडलेला असला, भोवळ आलेली असली, धुरात दिशाच कळेनाशी झाली, तर कोणीतरी शोधायला यावं लागतं. आणि जो आतच नाही त्याला शोधायला कोण येईल? ती खरी घाबरली ती तेव्हा. अंधाराने नव्हे, रबराच्या वासानेही नव्हे. खाली सगळे सुखात उभे आहेत, एकमेकांना टाळ्या देतायत, आणि त्यांच्यातल्या एकालाही काही चुकल्यासारखं वाटत नाहीये, ह्या एका विचाराने तिला दरदरून घाम फुटला. कॉलेजात असताना ती पावसाळाभर तापाने घरी पडली होती, आणि तिची मैत्रीण रोज वर्गात तिच्या आवाजात 'हजर' म्हणायची. किती कौतुक वाटलं होतं त्या प्रेमाचं! घरी अंथरुणात पडून ती विचार करायची, आत्ता मी वर्गात आहे, तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. वर्षाच्या शेवटी सरांनी तिला सांगितलं, तू पावसाळ्यात फार लक्ष देऊन ऐकायचीस. तेव्हा दोघी मरेस्तोवर हसल्या होत्या. आता त्या कोठीत ते वाक्य आठवलं आणि अंगावर काटा आला.

एसीवाला आपली हत्यारांची पिशवी न्यायला परत आला म्हणून ती सुटली. दिवे आले होते, जिन्यात पावलं वाजत होती, चहाचा वास वरपर्यंत पोचला होता. दार उघडून तो दचकलाच. "बाई, तुम्ही इथेच?" तिने पदराने कपाळ टिपलं आणि म्हणाली, "हो, तपासत होते जरा." का म्हणाली असं? लाज वाटली, दुसरं काय. तो बिचारा 'बरं बरं' करत निघून गेला आणि ती ताठ मानेने जिना उतरून खाली आली. आवारात केक कापत होते. मोठे साहेब भाषण करत होते: इतक्या झटपट इमारत रिकामी करणारं ऑफिस दुसरं दाखवा, ह्याचं सगळं श्रेय आपल्या बाईंना. टाळ्या पडल्या. कोणी तिच्या हातात केकची बशी दिली. ती बशी हातात धरून उभी होती तेवढ्यात हिशेब विभागातली ताई गर्दीतून वाट काढत आली आणि तिने भिजकी पट्टी अलगद तिच्या गळ्यात घातली. "विसरलीस ना टेबलावर? तरी म्हटलं, सगळ्यांना शिकवणारी बाई आणि हिचंच नाव लाल दिसेल, शोभा होईल. म्हणून माझ्याबरोबर तुझंही लावून टाकलं हो. तू काय, पुढेच कुठेतरी आरडाओरडा करत असणार, मला माहितेय." आणि ताई हसली. कोणाचं भलं करून झालं की ताई जशी हसते तशी.

आता हिला काय म्हणायचं? ताई म्हणजे विसरलेल्या छत्र्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवणारी, दुसऱ्यांच्या बाटल्यांची झाकणं लावत फिरणारी, कोणी शिंकलं तर आपली शाल काढून देणारी. नवरा गेल्यापासून ऑफिस हेच तिचं घर. रविवारी करमत नाही म्हणून शनिवारी निघायला उशीर करायची. निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते आणि तो विषय निघाला की ताई उठून पाणी प्यायला जायची. आणि नियम होता. दुसऱ्याचं कार्ड जो यंत्राला लावील त्याला त्याच दिवशी कायमचं घरी पाठवायचं, सबब ऐकायची नाही. हा नियम कोणी लिहिला हे सांगायला नकोच. साहेब तेव्हा म्हणाले होते, जरा कडक होतोय का? तर हीच बाई टेबलावर हात आपटून म्हणाली होती, कडक नसेल तर लिहायचा कशाला.

संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकत होता, ते त्याचं एक चांगलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "अगं पण शेवटी बाहेर आलीस ना?"

"आले."

"मग झालं तर. कोणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग कशाला वाढवतेस? त्या ताईचं काय होईल ते बघ. आणि तुझं नाव झालंय एवढं, ते घालवून बसशील." तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती दूर नोकरीला होती. तिने नेहमीसारखं विचारलं असणार, आई कशी आहे, कारण नवरा बायकोकडे न बघता म्हणाला, "मजेत आहे. आज तर बक्षीस मिळाल्यासारखी मिरवतेय." आणि इकडे ती डाळीचं भांडं घासत उभी होती, पाठमोरी, एकाच जागी घासणी फिरवत. मुद्दाम थोडंच करत होता तो? प्रेमानेच म्हणत होता, मुलीला काळजी नको म्हणून. तिला एकदम रडू आलं आणि रागही आला, आणि त्यातलं आधी काय आलं ते तिला सांगता आलं नसतं. जो तो आपल्या माणसाला सुखरूप म्हणून नोंदवून मोकळा होतो. बघत कोणी नाही. मायाच इतकी की बघायची गरज वाटत नाही. ती नळ सोडून तशीच उभी राहिली, भांडं कधीच स्वच्छ झालं होतं.

त्यानंतर ऑफिसात ती वेगळ्याच डोळ्यांनी वावरायला लागली. आणि एकदा डोळे उघडल्यावर काय विचारता! जिकडे बघावं तिकडे हेच चाललेलं. जेवायला निघताना एकजण चौघांची कार्डं घेऊन जायचा, बाकीचे हात धुऊन येईपर्यंत दार उघडं मिळावं म्हणून. गरोदर बाईला जिने नकोत म्हणून तिची मैत्रीण तिचं कार्ड खाली लावून यायची. म्हाताऱ्या टायपिस्टचं कार्ड त्याच्या खिशात कधी नसायचंच, ते शेजारच्या टेबलावरची मुलगी सांभाळायची, आजोबा हरवतात म्हणून. एकाच्याही मनात पाप नव्हतं. चोराला अडवायचं कसं ते तिला माहीत होतं; आयुष्य त्यात गेलं होतं; चोर आडून येतो, अंधारात येतो, त्याला दार घालता येतं. ह्या लोकांना कुठलं दार घालायचं? हे तर एकमेकांना जपत होते! आणि प्रत्येक मजल्यावर एक वॉचमन होता. घंटा झाली की सगळ्यात शेवटी निघायचं, प्रत्येक खोलीत डोकवायचं, संडासाचं दारसुद्धा ठोकायचं आणि ओरडायचं, "कोणी राहिलंय का?" त्या दिवशी नव्या पद्धतीची परीक्षा म्हणून तिनेच त्यांना खाली थांबवलं होतं. परीक्षा उत्तम झाली होती, त्यामुळे पुढच्या महिन्यापासून ही माणसं बंद व्हायची होती. पडदा सांगतोय तर माणूस कशाला? हे वाक्यही तिचंच. वर्षभर तिने ते इतक्या वेळा म्हटलं होतं की आता साहेब ते स्वतःचं म्हणून वापरत होते. येत्या गुरुवारी वरच्या मजल्यावर सगळ्या साहेबांची बैठक होती आणि त्यात त्यावर मोहोर उमटायची होती.

ती मोठ्या साहेबांकडे गेली. नाव न घेता सगळं सांगितलं: मी आत होते, पडदा म्हणत होता मी बाहेर आहे. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, मग पेन फिरवत म्हणाले, "म्हणजे तुमचं कार्ड दुसऱ्या कोणी लावलं."

"हो."

"कोणी?"

तिने पाण्याचा पेला उचलून एक घोट घेतला.

"बाई, हे बघा. नियम तुमचा. यंत्रात खोट नाही, माणसात आहे, असंच ना? मग ते माणूस सांगा. त्याला काढू, बाकीचे आपोआप सरळ होतील. नाव असेल तर बैठकीत घेऊ हा विषय. नाव नसेल तर," त्यांनी पेन खाली ठेवलं, "तुम्ही कार्ड विसरलात आणि वेळेत बाहेर आला नाहीत, एवढंच उरतं. ते सगळ्यांसमोर काढायची माझी इच्छा नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

घ्या, हेही भल्यासाठीच. ती बाहेर आली आणि जिन्यात थांबली. कठड्याला धरून तिने दोन्ही बाजू मनात तोलून पाहिल्या, भाजी घेताना दोन हातांत दोन नग घेऊन बघावं तसं. ताईचं नाव दिलं तर ताई जाईल. दुपारी डबा उघडताना समोरची खुर्ची रिकामी. ते एक वेळ सोसलं असतं. पण ताई गेली म्हणून लोक एकमेकांना जपायचे थांबतील? छे! आणखी चोरून जपतील. पडदा तसाच हिरवा होत राहील. आणि नाव नाही दिलं तर मजल्यावरची माणसं, ते वॉचमन, जातील, आणि कधीतरी, आज ना उद्या, कोणीतरी संडासात भोवळ येऊन पडेल, खाली त्याची जिवाभावाची माणसं त्याचं कार्ड लावून उभी असतील, आणि वर जाणार कोणी नाही. त्या माणसाचा चेहरा तिला दिसेना. पण दाराच्या रबराचा वास मात्र आला, तिथे जिन्यात, जिथे रबराचं दारच नव्हतं. दोन्ही होऊ द्यायचं नाही, तिने ठरवलं. ताईलाही हात लागता कामा नये आणि माणसंही जाता कामा नयेत. कसं ते अजून कळलं नव्हतं, पण ठरलं होतं. आणि एकदा ठरल्यावर तिला भूक लागली, कित्येक दिवसांनी. ताईने आपल्या डब्यातली भाजी तिच्या पोळीवर वाढली आणि म्हणाली, "आज खातेयस नीट. डोळ्यांखाली काळं आलं होतं तुझ्या. घरी काही बिनसलंय का?" ती म्हणाली, "नाही गं, झोप होत नव्हती." ताईने अजून एक चमचा वाढला. सांगून टाकावं का हिला? नको. ही ऐकताक्षणी उठेल आणि साहेबांच्या दारात जाऊन उभी राहील. ताईला ती ओळखून होती.

गुरुवारी सगळे साहेब वरच्या खोलीत जमले. थंड, लांबलचक टेबलाची खोली, खिडक्या न उघडणाऱ्या. भिंतीवर पडदा, आकडा दाखवत असलेला. तिने आपलं बोलणं थोडक्यात आटोपलं आणि म्हणाली, "मोहोर उमटवण्याआधी एकदा प्रत्यक्ष बघून घ्या. मी आत्ता खाली जाऊन घंटा देते. सगळी इमारत उतरेल, तुम्हाला आकडा इथे दिसेल. नव्या पद्धतीप्रमाणे वॉचमन खालीच थांबतील."

एक साहेब कुरकुरले, "म्हणजे आम्हीही उतरायचं? एवढे जिने?"

"नको," ती म्हणाली. "तुम्ही बसा. तुमची कार्डं द्या माझ्याकडे, खाली मी लावते."

एकानेही विचारलं नाही. नियमाचं नाव कोणी काढलं नाही. पट्ट्या भराभर गळ्यांतून निघाल्या, हातोहात टेबलावरून सरकत आल्या. एकाने तर, "हे बरं केलंत, गुडघा दुखतोय सकाळपासून," असे आभारही मानले. मोठ्या साहेबांनी आपलं कार्ड सगळ्यांच्या वर ठेवलं आणि तिच्याकडे बघून कौतुकाने मान हलवली. तिला वाटलं होतं निदान ते तरी क्षणभर थबकतील. ती थांबली, त्यांच्या डोळ्यांत बघत, त्यांना एक संधी म्हणून. ते मोबाईल काढून बघायला लागले होते. बाहेर पडताना तिने दारात एक खुर्ची आडवी सरकवून ठेवली, दार लागू नये म्हणून. कोणाला इजा व्हावी असं तिच्या मनात नव्हतं, आणि कोणी कोंडलं जावं हे तर मुळीच नव्हतं. मग ती खाली गेली आणि घंटा दिली.

माणसं उतरायला लागली. आवार भरलं. ती यंत्राशी उभी राहिली आणि हातातली कार्डं एकेक करून टेकवायला लागली, लपवून नाही, सगळ्यांना दिसेल अशी, हात उंच करून. प्रत्येकाला यंत्र गोड आवाज करून हो म्हणत होतं. शेवटी तिने आपलं लावलं. रांगेतले लोक बघत होते, कुजबुज झाली, कुलूपबाई स्वतः? मग ताई धावत आली आणि तिने तिचं मनगटच धरलं.

"वेडी आहेस का तू? कोणाची ही? अगं नोकरी जाईल तुझी, तूच लिहिलंयस ना!"

"साहेबांची. ते वर बसलेत."

"मग कशाला गं? कोणी सांगितलं तुला?"

तिने ताईच्या हातावर आपला हात ठेवला. आता सांगायलाच हवं होतं, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी. "ताई, त्या दिवशी तू माझं लावलंस ना, तेव्हा मी आत होते. संगणकांच्या खोलीबाहेर. अंधारात. दार बडवत होते."

ताईने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. तिने धरलेलं मनगट सोडलं आणि म्हणाली, "माझ्यामुळे? आणि मी हसत हसत तुझ्या गळ्यात पट्टी घालत होते." तिचे डोळे भरून आले. "माझं नाव का नाही सांगितलंस? चल, आत्ता चल, मी सांगते त्यांना. मी सांगते."

"काही सांगायचं नाही. म्हणून तर ही एवढी कार्डं लावली. आता नियमात पहिली मी बसते. तुझ्यापर्यंत यायचं तर त्यांना माझ्यावरून यावं लागेल, आणि माझ्याकडे ज्यांनी कार्डं दिली त्यांच्यावरून."

ताई तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. आवारातला मोठा पडदा हिरवा झाला, लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. वरच्या मजल्याच्या काचांमागचे दिवे गेले. ती गर्दीकडे बघत राहिली. कोणीतरी वर बघेल, असं तिला मनापासून वाटत होतं; कोणीतरी म्हणेल, अरे, साहेब लोक कुठे दिसत नाहीत? इतकी माणसं, आणि त्यातली कितीतरी रोज त्यांच्या मागेपुढे करणारी. चहाचे पेले फिरत होते. कोणी मॅचबद्दल बोलत होतं. मोठ्या साहेबांचा सेक्रेटरी, जो त्यांची सावली म्हणून ओळखला जायचा, बिस्कीट चहात बुडवत होता. त्याचा मोबाईल वाजला. त्याने एका हाताने पेला सांभाळत तो कानाला लावला, लगेच ताठ झाला.

"हो साहेब. नाही साहेब, सगळं व्यवस्थित आहे... दिवे? दिवे जाणारच साहेब, इमारत रिकामी झाली ना." त्याने मान वळवून पडद्याकडे बघितलं, खात्री करून घेतली. "तुम्ही? नाही साहेब, तुम्ही वर नाही आहात. तुम्ही खाली आलाय साहेब. इथे दाखवतंय."

आजूबाजूचे दोघंचौघं हसले, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. त्याने पेला खाली ठेवला. बोट पडद्याकडेच होतं अजून, आणि ते हळूहळू खाली येत होतं. तिने पुढे होऊन त्याच्या हातातून मोबाईल घेतला.

"साहेब, मी बोलतेय."

"बाई, हा काय प्रकार आहे? इथे काळोख आहे, हवा बंद झालीये, आणि हा गाढव मला सांगतोय की मी तिथे उभा आहे!"

"त्याची चूक नाही, साहेब. त्याच्यासमोर तसं लिहिलंय. तुमची सगळ्यांची कार्डं मी लावली, मी एकटीने. नियमाप्रमाणे जे काय करायचं ते माझ्यापासून सुरू करा."

पलीकडे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कोणीतरी पडदा तरी चालू करा म्हणून ओरडत होतं, कोणी टेबलाला आपटलं. मग ते सगळं जरा लांब गेलं. साहेब बहुतेक खिडकीशी आले असावेत. बोलले तेव्हा आवाज खाली आला होता.

"खाली कोणी विचारत होतं का आमच्याबद्दल?"

तिने गर्दीकडे पुन्हा एकदा बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते दयाळूपणाचंही झालं असतं.

"नाही, साहेब. कोणीच नाही."

पलीकडून काचेवर बोटं आपटल्याचा आवाज आला.

"मग कोणालातरी पाठवा वर," साहेब म्हणाले.

"कोणाला पाठवू, ते तुम्ही सांगा."

"तुम्हाला कळतंय मी कोणाला म्हणतोय ते. मजल्यावरच्या माणसांना." ते थांबले. "त्यांना सांगा, सगळे मजले बघा. नेहमीसारखे."

"हो, साहेब."

तिने मोबाईल सेक्रेटरीच्या हातात दिला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या वॉचमनांना हाक मारली. ते निघाले, आणि त्यांच्याबरोबर आपणही जायचं हे तिला चालायला लागल्यावरच कळलं. ताई नाक पुसत मागून येत होती. "तू कुठे चाललीस? तुझे गुडघे बघ," ती म्हणाली. ताई म्हणाली, "गप्प बस तू," आणि तिने कठडा धरला.